पलूसला उभा केलेला पाळणा

आमच्या आळीत कुणी कुणाला मदत करत नसे. हे ऐकून शहरातल्या माझ्या मैत्रिणी चमकतात, पण खरं तेच आहे. मदत म्हटली की उपकार आले, आणि वडूजच्या पूर्वेला आमच्या त्या कोरड्या माळावर उपकार घेऊन कुणाला झोप लागली नसती. आमच्यात होती ती सावड. आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या रानात येते. खुरपण, काढणी, घर शाकारणं, विहिरीचा गाळ काढणं, सगळं सावडीनं. आणि घेतलेली सावड फेडायची म्हणजे फेडायचीच, तिथं सबब चालत नसे. थोरली काकू या कारभाराची मुकादम. ती माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. अंगानं काडी आणि आवाजानं तोफ. तिच्यापुढं पाटीलसुद्धा जरा दबकून बोलायचे.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांची. मी अकरा वर्षांची होते. वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणच्या अंगाला गेलेले, ते परतायचे पावसाच्या तोंडाला. घरी आई, मी, एक म्हैस आणि चार शेरडं. माझा धाकटा चुलता फौजेत होता. तो दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला आणि एक दिवस पारावर जाहीर करून मोकळा झाला, की सांगलीत आनंदमेळा आलाय, त्यात आभाळाला लागणारा पाळणा आहे, विहिरीत मोटारसायकल फिरवणारा माणूस आहे, माणसाला बुटका करणारे आरसे आहेत, आणि तो अख्ख्या आळीला घेऊन जाणार आहे. त्याच्या ओळखीचा एक ट्रकवाला सांगलीहून जनावरांची पेंड आणायचा. जाताना ट्रक रिकामाच असायचा.

फौजी माणसाला वाटतं, चलो म्हटलं की पलटण निघाली. थोरल्या काकूनं त्याला पहिलाच प्रश्न केला, "समदी गेल्यावर धारा कोण काढणार रं? तुझा सुभेदार?"

मग सहलीचीही सावड ठरली. निम्मी आळी आधी जाणार, उरलेली निम्मी त्यांची जनावरं बघणार. दुसऱ्या खेपेला उलट. आधी कोण जाणार यावरून कुरबुर सुरू झाली तशी आई म्हणाली, "आमी मागनं जातो. पोरीला तेवढी आत्ता न्या." पोरांना सावडीत धरत नसत, त्यामुळं मला दोन्ही खेपा मोकळ्या होत्या.

पहिल्या खेपेचं मी फार सांगत नाही. मी पाळण्यात बसले, किंचाळले, आरशात हसून हसून मुरकुंडी वळली, आणि ट्रकमध्ये येताना ओकले. घरी आले तेव्हा आई म्हशीखाली बसलेली होती. त्या दिवशी तिनं आमच्यासकट तीन घरांच्या धारा काढल्या होत्या, शेण काढलं होतं, वैरणपाणी केलं होतं. तिला धारेवरून उठूही न देता मी सांगत सुटले. आई धार काढता काढता ऐकत होती. मोटारसायकलवाल्याचं तिला काही वाटलं नाही. आरशांचं तर नाहीच. पाळण्याचं ऐकलं तेव्हा मात्र तिचे हात थांबले.

"वरनं खाली येताना पोटात काय हुतं गं?"

"सांगता येत न्हाई," मी म्हणाले.

ती परत धारेला हात घालत म्हणाली, "मला बसायचं हाय त्यात."

मला बसायचं आहे! माझ्या आईनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. लुगडं फाटलं तर दंड घालून, जोडून नेसायची, भाकरी कमी पडली तर मला भूक नाही म्हणायची. आणि ही बाई सरळ सांगत होती, मला पाळण्यात बसायचं आहे. मला इतका आनंद झाला की मी लगेच आळीभर सांगून आले. त्याबद्दल मार खाल्ला.

मध्ये ज्वारीची काढणी आली, मळणी आली. दुसरी खेप निघायला तीन आठवडे गेले. तोवर काकाची सुट्टी संपत आली. दोन दिवसांनी त्याला गाडी धरायची होती. पहाटे आम्ही ट्रकमध्ये चढलो, थोरली काकू, आई, आळीतल्या आणखी बाया, दोन म्हातारे गडी, काका आणि मी. मागं राहिलेले लोक आमची जनावरं बघणार होते. भाकऱ्यांची फडकी, लसणाची चटणी, पाण्याची घागर, सगळं लग्नाला निघाल्यासारखं. आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. विटा गेलं, तासगाव गेलं, आणि वाटभर मी तोंडाची टकळी चालू ठेवली होती. मी आधी जाऊन आलेली ना! पाळण्यात बसताना दांडी कशी धरायची, डोळे कधी मिटायचे, सगळं आईला शिकवून झालं.

सांगलीत ट्रक मैदानापाशी थांबला. मी सगळ्यांच्या आधी उडी मारली.

मैदान रिकामं होतं.

खांबांचे खड्डे होते, तुडवलेलं गवत होतं, रंगीत कागदांचे कपटे होते आणि त्यात तोंड घालणारी दोन शेरडं होती. बाकी काही नाही. आता तुम्ही हसाल, पण खरं सांगते, आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नव्हतं की मेळा उठून जाऊ शकतो. निम्म्या आळीचं बसणं राहिलंय म्हटल्यावर तो थांबणारच, अशी आमची समजूत. सावड अर्धी टाकून जातं का कुणी? थोरली काकू कमरेवर हात ठेवून त्या खड्ड्यांकडं बघत राहिली. म्हणाली, "असं कसं गेलं? आमची बारी ऱ्हायली की अजून."

काकानं हिंदीत एक शिवी हासडली आणि बायांकडं बघून ओशाळला. कडेला एक रसवंतीवाला होता. त्यानं सांगितलं की सामान दोन दिवसांपूर्वीच हललं, पलूसला गेलं. तिथं जाऊन लागायला त्यांना वेळ लागेल.

मला आईकडं बघवेना. बाकीच्या बाया म्हणाल्या, जाऊ द्या, गणपतीचं दर्शन घेऊ, नदीचा घाट बघू, आलेला दिवस तरी वाया नको. तसं केलं. आई सगळ्यांबरोबर देवळात गेली, घाटावर पाय धुतले, भाकरी खाल्ली. पण ती नुसती मागून चालत होती. मला रडू यायला लागलं. परत कोण नेणार होतं तिला? काका सीमेवर जाणार. वडील आले की त्यांच्या मागं मेंढरं, मग पेरणी. पुढच्या वर्षी जाऊ असं म्हणायचं आणि पुढचं वर्ष येत नाही, हे अकराव्या वर्षीही मला कळत होतं.

ट्रकमध्ये पेंडीची पोती चढली. आम्ही पोत्यांवर बसायला लागलो, आणि आई चढायची थांबली. पदर खोचून ती ड्रायव्हरपाशी गेली.

"पलूसवरनं इट्याला जाता येतं का?"

"येतं की. पर वाकडं पडतंय."

"मंग वाकडंच चला."

ड्रायव्हरनं काकाकडं बघितलं. काकानं माझ्या आईकडं बघितलं. भावजयीचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नसावा. "चल गड्या," तो म्हणाला, "आज वैनीचा हुकूम."

पलूसला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. गावाबाहेर एका मोकळ्या तुकड्यात मेळ्याचं सामान पडलं होतं. पलीकडं नजर जाईल तिथं ऊस. आमच्या बाया आधी त्या उसाकडंच बघत राहिल्या. आणि पाळणा? पाळणा जमिनीवर आडवा, सुटा सुटा. दोन उंच खांब, मधला लोखंडी कणा, चाकाचे आरे आणि रांगेत उपडे घातलेले आठ पाळणे. मालक एक लुकडासा, खाकी चड्डीतला माणूस, कपाळाला हात लावून बसला होता. मागं तीन दगडांच्या चुलीवर त्याची बायको काहीतरी रांधत होती.

"आज काय होत नाही," तो म्हणाला. "इंजिन मागच्या गाडीत आहे. गडी शिमग्याला घरी गेले. दोन दिवसांनी या."

"दोन दिवसांनी मी जम्मूच्या गाडीत," काका म्हणाला.

आई पुढं झाली. "किती गडी लागत्यात हे उभं करायला?"

"दहा-बारा तरी."

आईनं मागं वळून आमच्याकडं बोट केलं. "ही काय, उभी हायेत."

मालक हसला. "आवं, ह्या तर बाया."

इथं थोरली काकू ट्रकवरून उतरली. "दुष्काळात खडी फोडताना सरकारनं इचारलं न्हाई बाया हायेत का गडी," ती म्हणाली. "रस्ता तयार झाला का न्हाई? तसल्याच रस्त्यानं तुझं सामान आलंय. काय करायचं ते सांग, दात नगं काढू."

मालकाचं हसू मावळलं. तो बराच वेळ काकाशी बोलला. एखादी दोरी सुटली तर माणूस जायचा, अशी त्याची धास्ती होती, आणि ती खोटी नव्हती. काका म्हणाला, दोरीला कोण, खांबाला कोण ते तुम्ही ठरवा, तुमच्या शब्दाबाहेर एक माणूस हलणार नाही. शेवटी मालक उठला.

आधी खांबांचे खड्डे. ते मालकानं खणून ठेवले होते. थोरली काकू एका खड्ड्यात उतरली, टाचेनं तळ दाबला आणि नाक मुरडलं. "लय मऊ हाय ही माती. आमच्या मुरमासारखी न्हाई. दगूड भरल्याबिगर खांब धरणार न्हाई." मालकाला ते पटलं. मग बांधावरचे दगड आणायला आम्ही सगळ्या लागलो. पाटीत दगड, डोक्यावर पाटी, खड्ड्यात रिकामी. आईनं ठेवणीतल्या लुगड्याचा काचा मारला आणि हातात धुमस घेतली. जमीन ठोकायचा तो जड लाकडी ठोकळा तिनं दोन वर्षं सरकारी कामावर चालवला होता. दोन्ही हातांनी उचलायची आणि आणायची खाली. मालक जवळ येऊन बघून गेला आणि लांबच्या खड्ड्याकडं वळला.

मग खांब. दोऱ्या दोन्ही बाजूंना, मध्ये म्हातारे गडी पहारी लावून. काकानं फौजी आवाजात 'जोर लगाके' सुरू केलं. दोनदा झालं तरी खांब गुडघाभर उचलून परत खाली. काकू कडाडली, "तुझं हिंदी ऱ्हाऊ दे बाजूला. ताल चुकतोय." आणि तिनं विहिरीचा गाळ ओढताना म्हणायची ती हाळी घातली. नुसता लांबवलेला सूर, त्यात शब्दही नाहीत, पण त्या सुराच्या शेवटाला आमच्या आळीतल्या माणसाचा हात आपोआप मागं येतो. खांब उठला. डुगडुगला, थांबला, आणि उभा राहिला. दुसरा त्याच्या मागून. मी दोरीच्या शेवटाला होते, तळहात सोलून निघाले होते, आणि मला जगात दुसरं काही नको होतं.

कणा कप्पीनं वर चढवला. त्यात फार वेळ गेला. मालक स्वतः वर चढून खिळी ठोकत होता आणि त्याची बायको खाली उभी राहून एकेक हत्यार देत होती. मधूनमधून तीच आम्हाला पाणी देत होती, आणि एकदा घागरभर ताक घेऊन आली. आरे बसले, पाळणे लटकले. मग मालक म्हणाला, रिकामा फिरवून भागत नाही, वजन टाकून बघितलं पाहिजे, वाळूची पोती हवीत. वाळू कुठली आणायची? काकानं ट्रकमधली पेंडीची पोती उतरवली. म्हणजे पलूसच्या त्या पाळण्यात सगळ्यात आधी बसली ती आमच्या म्हशींची पेंड! पोती वर गेली, खाली आली, परत गेली. मालकानं खांबाला कान लावून ऐकलं आणि मान हलवली.

"बसा," तो म्हणाला. "पहिल्यांदा कोण?"

सगळ्यांनी आईकडं बघितलं.

ती बसली, शेजारी मी. मी शिकवलेलं ती सगळं विसरली होती. दांडी धरायच्या ऐवजी तिनं माझं मनगट धरलं. इंजिन नव्हतंच, खाली काका, मालक आणि म्हातारे गडी पाळणा हातानं लोटत होते. आम्ही हळूहळू वर निघालो. बाया खाली राहिल्या, ट्रक खाली राहिला, उसाचे शेंडे खाली राहिले. अगदी वर गेल्यावर आई ताठ बसली आणि चारी बाजूंना बघायला लागली. हिरवं, सगळं हिरवं, कृष्णेपर्यंत. ती एवढंच म्हणाली, "आगं आई गं, एवढं पाणी!" आणि मग पाळणा खाली सुटला.

आई हसली. तसं हसणं मी तिचं त्याआधी ऐकलं नव्हतं. गळ्यातून नाही, पोटातून, लहान पोरीसारखं, श्वास लागेपर्यंत. परत वर गेलो, परत सुटलो, परत ती हसली. मी डोळे मिटायचं सोडून तिच्याकडंच बघत होते. एवढी देखणी बाई आपली आई आहे हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही खाली उतरलो.

"पोटात काय झालं?" मी विचारलं.

"लय भूक लागली," आई म्हणाली.

मग सगळ्या बसल्या. थोरली काकू चढताना 'मला कशाचं भ्या' म्हणाली आणि वर गेल्यावर गावच्या झाडून सगळ्या देवांची नावं घेतली. म्हातारे गडी बसले. काका शेवटी बसला आणि वरून सलाम ठोकला. दिवस मावळतीला आला. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, पोती परत ट्रकमध्ये जायला लागली. मालक हात जोडून आला. त्याचा दोन दिवसांचा खोळंबा वाचला होता. तो काकाला काहीबाही म्हणत होता, उपकार झाले वगैरे.

"उपकार कशाचं?" आई म्हणाली. "आमी बसलो की." मग ती इकडंतिकडं बघायला लागली. मालकाची बायको चुलीपाशी आमचे ताकाचे पेले विसळत होती. आई तिच्यापाशी गेली.

"बाई, तुमी किती वरसं हाय या पाळण्याबरुबर?"

"लगीन झाल्यापासनं," ती म्हणाली. "पंधरा-सोळा झाली."

"पोटात काय हुतं, सांगा बघू."

ती बाई नुसती हसली. हात पुसत म्हणाली, "मला काय ठावं? मी कवा बसले? तिकिटं कुणी फाडायची, सैपाक कुणी करायचा?"

मालक म्हणाला, "ती रोजच बघती. तिला काय त्याचं नवल!"

आईनं त्याच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. तिनं त्या बाईच्या हातातला पेला काढून घेतला आणि खाली ठेवला. "काकू," तिनं हाक मारली, "हिची सावड ऱ्हायली की."

थोरली काकू ट्रकच्या फाळक्यावर एक पाय टाकून उभी होती. तो तिनं खाली घेतला. "व्हय की गं," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरला ओरडली, "हॉर्न बंद कर रं! सावड फेडल्याबिगर कुणी गाडीत बसणार न्हाई!"

ती बाई नको नको म्हणत होती, चूल पेटती आहे म्हणत होती, नवऱ्याकडं बघत होती. आमच्या बायांनी तिला दोन्ही दंडांना धरून आणलं आणि बसवलं. समोरच्या पाळण्यात वजनाला पेंडीचं एक पोतं परत चढवलं. मालक पुढं झाला तसा काका म्हणाला, "तुमी थांबा जरा. नुसतं बघा."

पाळणा आमच्या बायांनी फिरवला. आई सगळ्यात पुढं. खालून येणारा पाळणा दोन्ही हातांनी धरायचा, खांदा लावून पुढं लोटायचा, की दुसरा धरायचा. हिरव्या लुगड्याला चिखल, कोपराला खरचटलेलं, कपाळावर घाम. मग पाळणा सुटला आणि वरून ती बाई किंचाळली, आणि मग हसायला लागली, आणि तिचं ते हसणं थांबेचना. मालक मान वर करून तोंड उघडं टाकून बघत होता. बायकोला तो पहिल्यांदाच बघत असावा. आवाज ऐकून रस्त्यानं जाणारे पलूसचे लोक थांबले, बैलगाड्या थांबल्या, उसाच्या मोळ्या घेतलेल्या बाया थांबल्या. एकानं विचारलं, "ती म्होरची बाई कोण रं, एवढी जोरात फिरवतीया?"

"माझी आई हाय ती," मी ओरडून सांगितलं. त्यानं ऐकलं होतं, तरी मी परत सांगितलं. मग त्याच्या शेजारच्याला सांगितलं, त्याच्या पलीकडच्याला सांगितलं, आणि पाळणा फिरत होता तोवर तिथं उभ्या असलेल्या एकालाही मी सोडलं नाही.